ब्रेकवरचा पाय

सासऱ्यांच्या जुन्या गाडीचे मागचे दिवे इतके मिणमिणते, की मागून येणाऱ्याला ते दिसेपर्यंत तो आमच्या डिकीत शिरला असता. पिल्लूला घेऊन त्या गाडीत बसायचं, या विचारानेच माझी झोप उडाली होती. शेवटी मीच एलईडीचे दिवे बनवायला घेतले. पदवी इलेक्ट्रॉनिक्सची आहे माझी. पण बाळ झाल्यापासून गॅस बंद केला की नाही हेही मी तीनदा बघते, त्यामुळे सोल्डरचा प्रत्येक ठिपका चारदा तपासला.

रविवारी दुपारी चाचणी. उजेड नीट कळावा म्हणून नवऱ्याने गॅरेजचं शटर ओढलं आणि त्याच्या शेजारचं बटण दाबून बल्ब घालवला. आत पेट्रोलचा, जळक्या सोल्डरचा वास. पुढचं बॉनेट उघडंच. मी ब्रेकवर, तो मागे, पिल्लू त्याच्यापाशी.

"दाब! ...अगं, लग्नात एवढी रोषणाई नव्हती! सोड."

मी सोडला. गडद अंधार. मागे काहीतरी हललं, नवरा काहीतरी बोलला. माझं लक्ष पायाकडे होतं.

"परत दाबते हं," म्हणत मी ब्रेक दाबला आणि बाजूच्या आरशात पाहिलं.

लालभडक शटरपुढून पिल्लू चाललं होतं. चौदा महिन्यांचं झालं, तरी कुणाचं बोट धरल्याशिवाय ते पाऊल टाकत नाही. आताही उजवा हात वर, मूठ घट्ट. बोट देणारा आरशाबाहेर असणार.

"अरे, जरा वाकून चालव. खांदा दुखेल त्याचा."

"कुणाचा?"

आवाज समोरून आला होता. उघड्या बॉनेटच्या पलीकडून.

"...पिल्लूचा."

"ते मागच्या सीटवर आहे ना? मघाशी तुला सांगूनच बसवलं की. मी मोबाइलच्या उजेडात फ्यूज बघतोय."

मागची सीट रिकामी होती. दार उघडं.

मी उतरणारच होते. पण पाय काढला की दिवे जाणार. आणि त्या अंधारात पिल्लू... कुणाच्या हातात?

"मागे जा," मी पुटपुटले. "पळू नकोस... हळू."

"काय झालं?"

"जा ना..."

पिल्लू कोपऱ्याकडे निघालं होतं, जिथे माझा उजेड पोचत नव्हता. एक पाऊल. थांबायचं. वर बघून हसायचं. पुन्हा एक पाऊल. मी पाय तसूभरही उचलला नाही. दिवे मीच केले होते; एकदा तरी स्वतःच्या कामावर विसंबण्यावाचून इलाज नव्हता.

आरशात नवरा आला. तो पिल्लूला उचलायला गेला. ते उचललं गेलं नाही.

"सोड रे, काय धरलंयस?" तो हसत म्हणाला. मग हसू विरलं. पाय रोवून, दोन्ही हातांनी त्याने पिल्लूला ओढून घेतलं.

शटर वर गेलं. ऊन आत आलं. कोपऱ्यात नुसती भिंत.

पिल्लू आता घरभर एकटं चालतं. सगळे कौतुक करतात. दारातून जाताना मात्र ते एका अंगाला सरकतं... शेजारच्याला वाट ठेवून.