आजोबांना न ऐकू येणारी किंचाळी

"आली! कान झाका!" एलिफ ओरडला, आणि त्यानं, सिग्नेनं आणि शेजारच्या सुन्निवानं कानांवर हात दाबले.

आजोबांची निळी गाडी फाटकाशी थांबता थांबता अशी काही किंचाळली, की पायरीवर झोपलेला मोन्स कुत्रा ताडकन उठून विव्हळायलाच लागला! आजोबा मात्र खुशाल शीळ घालत उतरले. त्यांच्या हातात ताज्या पावाची पिशवी होती.

"आजोबा, केवढ्यांदा ओरडते ही गाडी!" सिग्ने म्हणाली.

"ओरडते? माझी गाडी?" आजोबा हसले. "चाळीस वर्षं बसगाड्यांचे ब्रेक दुरुस्त केलेत मी, बाळा! नवे ब्रेक पॅड मार्चपासून शेडमध्ये आणून ठेवलेत. जुने झिजले की गाडी स्वतःच किंचाळून सांगते. किंचाळली, की बदलीन!"

तिघं एकमेकांकडे बघतच राहिली.

"आजोबा, पण आत्ताच तर..." सिग्ने सांगू लागली.

"आणि जरा मोठ्यानं बोलत जा! हल्लीची मुलं नुसती पुटपुटतात. चला, तीनच्या बोटीनं आजी येतेय. दोनला निघायचंय मला!"

आजी गुडघ्याचं ऑपरेशन करून तीन आठवड्यांनी घरी येत होती. धक्क्यापर्यंत उतरायला अकरा वळणं होती. शेवटचा उतार थेट धक्क्यावर जायचा, आणि धक्क्यापुढे होतं खाडीचं काळंशार, खोल पाणी.

सिग्ने टॉर्च घेऊन पुढच्या चाकाशी पालथी पडली. दर सुट्टीत आजोबांच्या हातात पाने-पक्कड देऊन देऊन तिला गाडीचं पोट पाठ झालं होतं. चाकाच्या फटीतून चकचकीत डिस्क दिसत होती, आणि तिला चिकटून पॅड. एलिफनं शेडमधलं धुळकट खोकं आणलं. नव्या पॅडचा थर बोटाएवढा जाड होता. आणि गाडीतला?

"एक क्रोनचं नाणं दे!" सिग्नेनं नाणं फटीशी धरलं. "बघ! थर नाण्याहूनही पातळ आहे!"

"चावी लपवू या," एलिफ म्हणाला. "मोन्सच्या भांड्यात!"

"शहाणाच आहेस! रुसून बसतील ते. आणि आईला सांगितलं, तर ती गाडीच काढून घेईल त्यांच्याकडून. कायमची." आजोबा गाडीशिवाय कसे दिसतील, हे सिग्नेला मनातसुद्धा आणवेना.

सुन्निवा व्हायोलिन वाजवायची.

"मी खालच्या तारेवर वाजवते ना, तेव्हा आजोबा मस्त डोलतात," ती हळूच म्हणाली. "वरच्या तारेवर वाजवलं की विचारतात, 'का गं, थांबलीस का?'"

"म्हणजे बारीक आवाज त्यांना ऐकूच येत नाही!" सिग्ने उडालीच. "सुन्निवा, फोन काढ!"

"आजोबा, गाडी शेडपाशी घ्या ना! आजी यायच्या आत धुतो!" एलिफनं हाक मारली.

"गुणाची गं माझी पाखरं!" आजोबांनी गाडी सपाट अंगणात वीस पावलं आणली. कर्रर्रकीईईई! सुन्निवानं आवाज टिपला आणि फोनवर चौपट सावकाश केला, तसा तो जाडाभरडा झाला.

आजोबा कॉफी पीत बसले होते.

"आजोबा, एका माणसाची गाडी आहे. काय बिघडलंय, ओळखा पाहू!" सिग्ने म्हणाली, आणि सुन्निवानं फोन वाजवला.

घर्रर्र... घर्रर्र...

आजोबांनी कप खाली ठेवला. त्यांचे डोळे बारीक झाले. "पॅड संपलेत! पॅडवरची इशाऱ्याची पत्र्याची जीभ डिस्कला घासतेय. कोण गाढव चालवतोय ही गाडी? सांगा त्याला, वळणांवर गाडी नेऊसुद्धा नकोस म्हणावं!"

सिग्नेनं त्यांचा हात धरला.

"तुमची आहे, आजोबा."

सुन्निवानं मूळ आवाज लावला. मोन्स विव्हळला, एलिफनं कान झाकले. आजोबा फोनकडे बघत राहिले.

"वाजतोय का तो?" त्यांनी विचारलं.

सिग्नेनं मान डोलावली. आजोबांनी कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग उठून त्यांनी बाह्या सरसावल्या.

"बघता काय? मागच्या चाकांना दगड लावा! सिग्ने, पाना!"

गाडी उचलण्याआधीच चाकाचे नट सैल केले, मग जॅक, आणि खाली टेकूला भक्कम लोखंडी घोडी. चाक निघालं, ब्रेकचा जबडा उघडला.

"तो जबडा तेलाच्या नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेनं बांधा!" आजोबांनी आतला दट्ट्या शिकंज्यानं हळूहळू मागे दाबला, आणि नवे पॅड खटकन बसले. "आता दुसरं चाक. बदलायचे तर दोन्हीकडचे!"

दोनला पाच मिनिटं कमी होती. आजोबांनी चावी फिरवली.

"थांबा!" सिग्ने किंचाळली. "आधी ब्रेक दाबून बघा!"

आजोबांनी पाय दिला, तर तो पार तळाला गेला! त्यांचा चेहरा पांढरा पडला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा... चौथ्या वेळी पेडल दगडासारखं घट्ट झालं.

"दट्ट्या मागे दाबला, की आधी पेडल मारून घ्यायचं! घाईत विसरलोच होतो," ते पुटपुटले. "मी! चाळीस वर्षांचा मेकॅनिक!"

आधी सपाट रस्त्यावर दोनदा ब्रेक लावून पाहिले, आणि मगच गाडी उताराला लागली. अकराही वळणं ती मांजरीसारखी उतरली. धक्क्यावर अलगद थांबली, तेव्हा बोट नुकती लागत होती.

आजी कुबड्या टेकत आली. एलिफनं सगळी हकीकत एका दमात सांगितली.

"शाबास रे पोरांनो!" आजीनं तिघांनाही जवळ ओढलं, कुबडीसकट! "सहा वर्षं मी या माणसाला कान दाखव म्हणून सांगून थकले. तुम्ही एकाच दुपारी समजावलंत!"

आजोबा बुटांकडे बघत म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर कानाच्या डॉक्टरांकडे चल."

"काय म्हणालास? नीट ऐकू नाही आलं बाई!" आजीनं कानामागे हात धरला. तिचे डोळे भरून आले होते, आणि ती हसतही होती.

मग आजोबांनी तेच पुन्हा सांगितलं. अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल, इतक्या मोठ्यानं!