ग्रंथपालकाकांची खुर्ची कुणी सरकवली?

"ढकला! अजून जोरात! एक... दोन..." मामा मोजत होता.

"अरे, तीन म्हणायच्या आधीच काय ढकलतोस?" ताई ओरडली.

धाडकन दार उघडलं आणि ढब्बू सरळ ग्रंथपालकाकांच्या पोटावर जाऊन आदळला! बराच वेळ वाचनालयात कोंडले गेलेले काका आधीच तापले होते. आता तर त्यांच्या डोक्यावर भाकरी भाजता आली असती.

ही तिघं भावंडं सुट्टीत मामाकडे आली होती. थोरली ताई, खिशात गोट्या खुळखुळवणारा ढब्बू आणि धाकटी शंका. तिचं खरं नाव आठवायला हल्ली तिच्या आईलाही डोकं खाजवावं लागतं, कारण बोलायला लागल्यापासून तिची सुरुवात एकच, "मला एक शंका आहे!"

मामा सुतार. उतारावरच्या या वाचनालयाचं दार त्यानंच केलेलं. उन्हाळा लागल्यापासून दार सारखं अडत होतं आणि मामा सारखा रंधा मारत होता.

"आणखी रंधा मारलात तर दाराची फळी उरेल आणि फळीची पट्टी!" काका मामावर गरजले. "कच्चं लाकूड घातलंत, दुसरं काय! पावसाळ्यात दार फुगलं तर समजू शकतो. भर उन्हाळ्यात? नव्या कपाटांचं काम आता दुसऱ्या सुताराला! आणि का, तेही सगळ्यांना सांगणार!"

मामा घरी आला तो चेहरा पाडूनच. मामीला म्हणाला, "ते ऐकलं आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली गं."

"कुठे? किती?" शंकानं विचारलं.

"गप्प बस!" सगळे एकदम म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिघं वाचनालयात गेली. ढब्बूनं नव्याकोऱ्या फरशीवर गोटी ठेवली. ती आपण होऊन निघाली आणि थेट दाराशी जाऊन थांबली!

"भूत!" ढब्बू कुजबुजला. "वाचनाची आवड असलेलं!"

भिंतीला बारीक तडा होता. ताईनं त्यावर कागदाची पट्टी चिकटवली. "कोणी मुद्दाम भिंत उचकटत असेल तर पट्टी फाडेल. पाळत ठेवू!"

तिघांनी आळीपाळीनं पाळत ठेवली. माशीसुद्धा फिरकली नाही. तरी संध्याकाळी पट्टी मधोमध फाटलेली!

आता मात्र तिघांच्या डोक्याचा पार भुगा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या उतारावर जावं तर तिथली झाडंही विचित्र. बुंधे आधी उताराकडे झुकलेले आणि मग वर वळलेले, जणू पडता पडता त्यांनी विचार बदललेला! थोडं वर गवतात चंद्रकोरीसारखी लांबच लांब भेग. आणि भर उन्हाळ्यात ढब्बूची चप्पल चिखलात रुतली!

"पाणी कुठून आलं?" ताई म्हणाली. टेकडीवर पाण्याची टाकी होती. तिचं जादा पाणी एका चरातून ओढ्याला जाई. तो चर हिरव्या फुटक्या फरश्यांनी गच्च बुजला होता!

"ही फरशी ओळखीची वाटते," ढब्बू म्हणाला. "काकांच्या टेबलावर कागद दाबायला असाच तुकडा आहे!"

वाचनालयाची जुनी फरशी उखडल्यावर काकांनी राडारोडा लांब नेण्याऐवजी तिथे टाकून दिला होता. पाणी जमिनीत मुरत होतं.

"मला एक शंका आहे," शंका म्हणाली. "मामाच्या पायाखालची जमीन खरंच सरकली असेल तर?"

ताई ओरडलीच, "डोंगर चालतो! शाळेत शिकलोय की! माती कायम मुंगीपेक्षाही हळू खाली सरकते, म्हणून झाडं वाकडी. खालची चिकणमाती भिजली की ती ओल्या साबणासारखी होते. वरचा सगळा उतार घसरतो! वाचनालय कललं, म्हणून गोटी घरंगळली; चौकट आवळली, म्हणून दार अडलं! आणि उद्या वाचनालयात छोट्या मुलांचा मेळावा आहे!"

काकांनी सगळं ऐकून खो खो हसून घेतलं. "डोंगर चालतो म्हणे! मामाचं दार वाचवायला काय एकेक थाप!"

मग शंकानं मामाचं सूत आणलं, सुतार सरळ रेघ मारायला वापरतात ती दोरी. उताराच्या दोन्ही बाजूंना कातळ होता. एका कातळापासून दुसऱ्यापर्यंत सूत ताणलं आणि मधल्या मातीत सुताला खालच्या बाजूनं चिकटून खुंट्या ठोकल्या.

"संध्याकाळी खुंट्या सरकलेल्या दिसतील," ती म्हणाली.

"तुम्हीच सरकवाल, आगाऊ कुठले!" काकांनी खुर्ची मागवली, खुंट्यांशेजारीच मातीत ठेवून तिची पाठ सुताला टेकवली आणि छत्री उघडून ठाण मांडलं. "बघतो कोण हलवतं ते!"

संध्याकाळी मुलं मामाला घेऊन आली.

"कोणी फिरकलं नाही! एक खुंटी हलली नाही!" काका मिशीवर ताव देत म्हणाले.

"काका, मला एक शंका आहे. तुमची खुर्ची कुणी सरकवली?"

काकांनी वळून पाहिलं. सूत होतं तिथेच होतं. खुंट्या चार बोटं खाली आल्या होत्या. आणि काकांसकट, छत्रीसकट खुर्चीसुद्धा! खुद्द पहारेकरीच सरकला होता!

काकांची छत्री मिटली, तोंड मात्र उघडंच राहिलं.

अंधार पडायच्या आत पुस्तकं हलली, मेळावा मैदानावर भरवायचं ठरलं. पहाटे धुडूम् आवाज झाला. वाचनालयाची मागची भिंत चिखलाखाली गेली होती. समोर चौकटीसकट मामाचं दार तेवढं ताठ उभं होतं. ढब्बूनं एक बोट लावलं, तर भिंतीच्या दाबातून सुटलेलं ते दार लोण्यासारखं उघडलं!

काकांनी सगळ्यांसमोर मामाचे हात धरले. "सुतार, कच्चं तुमचं लाकूड नव्हतं, माझी अक्कल होती. चर मी स्वतः मोकळा करतो. नव्या वाचनालयाची सगळी दारं, सगळी कपाटं तुम्हीच करायची. आणि जागा निवडायची या पोरांनी! यांच्यामुळे आज सगळी मुलं सुखरूप आहेत."

मामाचे डोळे भरून आले. "सगळं वाचनालय? अहो, ऐकून माझ्या पायाखालची जमीनच सरकली!"

शंकानं खिशातून सूत काढलं.

"किती बोटं, मामा?"