बाभळीपाशी मागितलेलं पाणी

मोटारीतलं पाणी दोनच वाटांनी जातं. बाहेर गळलं तर खालची जमीन ओली होते. इंजिनात शिरलं तर तेल ताकासारखं पांढरं पडतं. तिसरी वाट नाही. शाळेत मी फार गेलो नाही, इंजिन पलटणीत शिकलो. हे मला कुणी शिकवायला नको.

कंदील तिथंच असू दे. माझं सांगून होईपर्यंत बारीक करू नको.

लढाईचे दिवस होते, पेट्रोल कुपनावर मिळायचं. चिंतामणराव वकिलांची मोटार माझ्या सांगलीच्या शेडमध्ये आली. तक्रार एकच, रेडिएटरमध्ये पाणी राहत नाही. त्यांची बायको शरयूबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी जतला होती. मूल आडवं आहे, लवकर मिरजेच्या दवाखान्यात न्या, असा तिथल्या डॉक्टरचा निरोप आला होता. जतला दुसरी मोटार मिळण्यासारखी नव्हती.

मी रेडिएटरवर चाळलेली राख फासली. ओल असेल तिथं राख काळी पडते. कुठं पडली नाही. रबरी नळ्या नव्या घातल्या. एका जागी संशय होता, तिथं कथलाचा डाग दिला. तेल पाहिलं, ते चांगलं होतं. शेवटी गाडीखाली कोरडी माती पसरली आणि निजलो. सकाळी माती तशीच कोरडी होती. रेडिएटर अर्धा झाला होता.

मी वकिलांना म्हणालो, "साहेब, गळत न्हाई. कुणीतरी पितंय असं वाटतंय."

ते हसले नाहीत. आता थांबायला वेळ नाही, तूच चालव, एवढंच म्हणाले. पाण्याचा डबा भरून घेतला आणि निघालो.

कवठेमहांकाळच्या पुढं एक कोरडा ओढा आहे. काठावर एकच बाभूळ. तिथं पोचेपर्यंत डबा ओतून संपला होता, आणि तिथंच गाडी उकळली. भर दुपार. पाखराचासुद्धा आवाज नव्हता. वकील दुसरीकडं बघत बसले.

बाभळीखाली एक म्हातारी धनगरीण घागर घेऊन बसली होती. तिची मेंढरं सावलीत माना घालून उभी होती. राहीबाई तिचं नाव. मी पाणी मागितलं. ती माझ्याकडं नाही, गाडीकडं बघत होती.

"तुला प्यायला देते. मशिनीला न्हाई."

मग तिनं सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात हीच गाडी इथं थांबली होती. साहेबानं पाणी मागितलं. मागणाऱ्याला पाणी नाही म्हणायची त्यांच्यात रीत नाही. तिच्या सुनेनं, अंजनानं, डोक्यावरची घागर उतरवून दिली. माणूस तहानलाय असं तिला वाटलं. साहेबानं सगळं पाणी गाडीत ओतलं आणि गेला. अंजना रिकामी घागर घेऊन उन्हात पुन्हा झऱ्यावर गेली. तिचे दिवस भरले होते. संध्याकाळी झऱ्याशीच मरून पडलेली सापडली. पोर पोटातच गेलं.

मी वकिलांकडं पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

"मला कसं कळणार, नाथाजी? पाणीच तर मागितलं होतं."

जतला एक बाई अडली आहे, असं मी राहीबाईला सांगितलं. तिनं घागरीच्या काठावरून हात फिरवला. मग तिनं घागर माझ्याकडं सरकवली.

"अवघडल्याली बाई हाय, म्हनून घे. पर येताना भरून आण. ही घागर माजी न्हाई. तिची हाय."

जतला शरयूबाईंना मागच्या सीटवर निजवलं. त्यांच्या आईला जागा उरली नाही, ती सकाळच्या सर्व्हिसमोटारीनं येणार होती. घागर भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि शरयूबाईंच्या पायाशी ठेवली.

बाभळीपाशी आलो तेव्हा दिवस मावळत होता. राहीबाई नव्हती. घागर तिथं ठेवावी म्हणून मी गाडी उभी केली. शरयूबाई कण्हल्या. वकील म्हणाले, "थांबू नको." मी गिअर टाकला. गाडी हलायच्या आधी मागची बाजू जरा खाली बसली, माणूस चढल्यावर बसते तशी. दार वाजलं नव्हतं.

मी मागं पाहिलं नाही. ओल्या घोंगडीचा वास मिरजेपर्यंत येत राहिला. गाडी तापली नाही.

दवाखान्याच्या दारात शरयूबाईंना उतरवताना त्यांनी हळूच विचारलं, "त्या बाई कुठं उतरल्या?"

"कोण बाई?" वकील म्हणाले.

"माझ्या पायाशी बसल्या होत्या त्या. पोरासाठी पाणी मागितलं… मागितल्यावर नाही कसं म्हणायचं? म्हटलं, घ्या."

"पोर?" मी विचारलं.

"कडेवर होतं ना. वर्षाचं असेल… फार तहानलेलं होतं हो."

त्यांना आत नेलं. मी मागं पाहिलं. फडक्याची गाठ सुटलेली होती. घागर कोरडी होती. रेडिएटर उघडला, तर पाणी तोंडाशी होतं.

बाळंतीण सुटली. मूल जगलं. वकील मात्र त्या गाडीत पुन्हा बसले नाहीत. तुझ्याकडंच असू दे, म्हणाले. घागर परत द्यायला मी राहीबाईकडं गेलो होतो. तिनं हात लावला नाही.

ती मोटार त्या तिथं, शेडच्या मागच्या भिंतीशी उभी आहे. मी ती चालवत नाही, विकतही नाही. रोज संध्याकाळी घागर भरून चाकाशी ठेवतो. सकाळी ती रिकामी असते. जमीन कोरडी.

याला आता सहा वर्षं झाली. गाडीवरची धूळ मी पुसत नाही. त्या धुळीत लहान मुलाची बोटं उमटतात. पहिल्या वर्षी ती चाकापाशी होती. दर उन्हाळ्यात वर सरकतात. परवा सकाळी दाराच्या मुठीवर होती, आणि दार उघडं होतं.

मी आत हात घालून चाचपलं. इतक्या वर्षांत त्या गाडीत मला पहिल्यांदा ओल सापडली.

चालवायच्या सीटवर.