पहिली तार ओढण्याआधी

फोन आईच्या मांडीवर होता, आणि त्याचा आवाज इतका मोठा केलेला की पुढच्या खोलीत रॅकेटची जाळी विणत बसलेल्या थोरल्याला एकेक शब्द ऐकू यावा. दर रविवारी सकाळी ती असंच करायची. आपल्याला हल्ली कमी ऐकू येतं, असं तिने धाकट्याला सांगून ठेवलं होतं. वास्तविक शेजारणीच्या स्वयंपाकघरात चमचा पडला तरी तिला कळायचं!

"या वेळचे सामने आपल्याच गावात आहेत," धाकटा म्हणाला. "शुक्रवारपासून."

"अगं बाई! मग गुरुवारीच ये की. तुझी गादी उन्हात टाकते."

"आई... संघाबरोबर वसतिगृहात उतरणार आहे मी."

"घर असताना?"

पलीकडून चाचरत उत्तर आलं, "तुला भेटून जाईन ना. दादा बाहेर गेला असेल तेव्हा..."

आईने फोन ठेवला. पुढच्या खोलीत तार ताणायच्या यंत्राची चावी फिरायची थांबली होती.

"ऐकलंस?" ती दारात येऊन उभी राहिली. डोळे भरून आले होते, पण आवाज करडा होता. "अकरा महिने झाले रे. दोन लेकरं माझी, आणि एकाला दुसऱ्याची वेळ बघून घरात यावं लागतंय! मी सांगून टाकते त्याला तुझ्या गुडघ्याचं."

"आई, तुला शपथ आहे."

आई काहीच बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजे होकार, असं त्याने धरून चालायला नको होतं.

गुडघ्याची गोष्ट अशी, की तो कधी दुखलाच नव्हता. सात वर्षांपूर्वी दोघेही भाऊ बॅडमिंटन खेळत होते. थोरला एकोणीस वर्षांचा, धाकटा चौदाचा, आणि गावच्या हॉलमधले जुने लोक थोरल्याच्या मनगटाकडे बघून एकमेकांना कोपर मारायचे. मग वडिलांचा उजवा हात लुळा पडला. ज्या हाताने गावातल्या अर्ध्या रॅकेटी विणल्या होत्या, त्या हाताला चहाचा कपही धरवेना... घर चालायचं तर त्या यंत्रासमोर कुणीतरी बसायलाच हवं होतं. एके सकाळी थोरला लंगडत घरी आला आणि म्हणाला, माझा गुडघा गेला, आता मी खेळू शकत नाही. तीन आठवडे तो न चुकता लंगडला. आईने पहिल्याच दिवशी ओळखलं, कारण जिना चढताना तो डाव्या पायाने लंगडायचा आणि उतरताना उजव्या! धाकट्याला मात्र काही कळलं नाही. आपल्या वाट्याला आलेली मोकळी वाट त्याने नशीब म्हणून घेतली, आणि तो पळत सुटला. पळावं म्हणूनच तर ती मोकळी केली होती.

वडील दोन वर्षांनी गेले. तेवढ्या काळात डाव्या हाताने खुणा करत त्यांनी थोरल्याला सगळी कला दिली. उभ्या तारा आधी, मग आडव्या, एकीवरून एक, एकीखालून एक. आणि या धंद्यातला त्यांचा एकच नियम : खेळणारा सांगेल तेवढाच ताण द्यायचा. पटत नसेल तर पहिली तार ओढण्याआधी, त्याच्या तोंडावर, एकदाच बोलायचं. नंतर जिभेला कुलूप. "हात त्याचा आहे," ते अडखळत म्हणायचे, "आपली फक्त तार."

तो नियम थोरल्याने आयुष्यात एकदाच मोडला होता. गेल्या वर्षी, अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी. धाकट्याने अठ्ठावीस पौंड ताण सांगितला होता. तार जितकी घट्ट, तितका नेम चोख, पण खांद्यावर तितकाच भार. आणि धाकटा डोक्यावरून सदरा काढताना ओठ चावतो, हे थोरल्याने पाहिलं होतं. सांगितलं तर ऐकणार नाही, उलट चिडेल, म्हणून त्याने काही न बोलता पंचवीसवरच जाळी विणली. प्रेमाने! केवळ प्रेमाने! सैल जाळीवरून शटल जास्त लांब जातं, आणि शेवटचे तीन गुण शटल मागच्या रेषेपलीकडे पडून गेले, एकेक बोटाच्या अंतराने. घरी येऊन धाकट्याने जाळीवर टिचकी मारली, कान लावला आणि विचारलं, "किती आहे हे?"

"पंचवीस," थोरला म्हणाला. खोटं बोलायची एवढी सवय झालेली असूनही त्या क्षणी त्याला ते जमलं नाही.

"स्वतःला खेळता आलं नाही ना, म्हणून मलाही हरवलंस! जळतोस तू माझ्यावर!"

त्या वाक्याला उत्तर होतं. सात वर्षांचं उत्तर होतं! थोरल्याने ते गिळलं. ते दिलं असतं तर धाकटा जन्मभर त्याचा ऋणी झाला असता, आणि ऋणी भाऊ त्याला नको होता, नुसता भाऊ हवा होता... तोही उरला नाही. अकरा महिन्यांत कितीतरी रॅकेटी हातांखालून गेल्या, आणि प्रत्येक पूर्ण झाली की त्याच्या ओठांवर तेच यायचं, 'बारक्या, बघ रे जरा.' बघायला कुणी नसायचं.

शुक्रवारी सकाळी हॉलच्या कोपऱ्यात त्याने यंत्र मांडलं. या हॉलमधल्या सामन्यांना जाळी विणायला तोच बसायचा. दहाच्या सुमारास धाकट्याच्या संघातला एक उंच खेळाडू रॅकेट घेऊन आला. सोबत चिठ्ठी होती, अक्षर उजवीकडे झुकलेलं. 'अठ्ठावीस.' खाली नाव नव्हतं. ते कशाला हवं होतं? पाटीवर बाराखडी गिरवताना त्या हातावर थोरल्याचाच हात होता.

हॉलच्या पलीकडच्या टोकाला धाकटा पाठमोरा बसला होता, आणि अधूनमधून डावा हात उजव्या खांद्यावर नेत होता. म्हणजे अजून दुखतंय... अजून! यंत्राचा काटा त्याच्या बोटाखाली होता. एखादा पौंड कमी केला, तर कुणाला कळणार होतं?

आणि तेव्हाच, त्या काट्याकडे बघता बघता, त्याला स्वतःचीच भीती वाटली. गुडघ्याच्या वेळी त्याने धाकट्याला विचारलं नव्हतं. जाळीच्या वेळीही विचारलं नव्हतं. दोन्ही वेळा आपण फार थोर काहीतरी करतो आहोत, या भावनेने त्याचा ऊर भरून आला होता, आणि दोन्ही वेळा ज्याच्यासाठी केलं त्याला अंधारात ठेवलं होतं. एवढी वर्षं ज्याला तो त्याग म्हणत आला, त्याच्या तळाशी हा हट्ट होता तर... माझ्या भावाचं भलं मलाच कळतं, त्याला नाही!

तो उठला. तीन कोर्टं ओलांडली. धाकट्याच्या समोर जाऊन तो उभा राहिला.

"मला विचारशील तर पंचवीस," तो म्हणाला. "खांद्यासाठी. पण तू सांगशील तेवढंच करीन."

धाकट्याने मान वर केली नाही. बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. "अठ्ठावीस."

"बरं."

परत येऊन त्याने काटा अठ्ठावीसवर ठेवला. प्रत्येक तार ओढताना ती आपल्याच खांद्यातून जाते आहे असं त्याला वाटत होतं, पण एकही तार त्याने सैल सोडली नाही.

रॅकेट न्यायला धाकटा स्वतः आला. टिचकी मारली. कान लावला. पुन्हा मारली.

"अठ्ठावीस आहे," तो पुटपुटला.

"हो."

"खांदा दुखतोय माझा. दिसलं ना तुला?"

"दिसलं."

"मग का केलंस?"

"हात तुझा आहे, बारक्या."

धाकट्याची हनुवटी थरथरली. लहानपणी रडू येण्याआधी थरथरायची, अगदी तशीच. "दादा... मंगळवारी आईचा फोन आला होता. तुझा गुडघा कधीच..."

थोरल्याने डोळे मिटले. "तिला शपथ घातली होती मी."

"ती म्हणाली, शपथेचं पाप माझ्या माथी, पण माझी पोरं मला एका ताटाशी बसलेली बघायची आहेत." धाकट्याला हुंदका आवरेना. "तीन दिवस झाले, मला तुझ्याकडे यायची हिंमत होत नव्हती. मी काय काय बोललो तुला! तू का नाही सांगितलंस? एकदा तरी म्हणायचंस, गप्प बस कार्ट्या, तुझ्यासाठी मी..."

"तेच चुकलं माझं," थोरला म्हणाला. "तुझ्यासाठी, तुझ्यासाठी करत गेलो आणि तुला विचारलंच नाही. तेव्हाही नाही, जाळीच्या वेळीही नाही. तो सामना तुझा होता रे. मला माफ कर."

"तू माफी मागतोस? माझी?" धाकट्याने बाहीने नाक पुसलं. "वेड लागलंय तुम्हा सगळ्यांना. आईसकट!"

तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं गेलं.

तो हरला. दोन तास झुंजला आणि अगदी थोडक्यात हरला. शेवटच्या गुणाला खांदा वर जाईना, शटल नेटमध्ये अडकलं. थोरला कोपऱ्यातून बघत होता आणि ओठ दातांखाली दाबून धरत होता. पण धाकटा कोर्टाबाहेर आला तो मान ताठ ठेवून, आणि खाली बसत म्हणाला, "पंचवीस ठेवायला हवे होते."

थोरला काही बोलला नाही.

"बोल की! 'मी सांगितलं होतं' म्हणायची संधी पुन्हा येणार नाही."

"मी सांगितलं होतं," थोरला म्हणाला, आणि अकरा महिन्यांनी दोघे एकदम हसले.

संध्याकाळी हॉल रिकामा झाला. थोरला यंत्राचे पाय दुमडत होता. आईला फोन झाला होता. 'दोघेही येतोय' एवढं ऐकून ती पलीकडे रडत बसली होती, आणि ऐकू कमी येतं हे साफ विसरून हळू आवाजातल्या प्रत्येक वाक्याला उत्तर देत होती.

"दादा, यंत्र राहू दे. चल, एक डाव."

"मी? सात वर्षांत रॅकेट फक्त विणलीय मी."

"गुडघा दुखतोय का?"

"गाढवा!" थोरल्याने चपला काढल्या. कोर्टाच्या गुळगुळीत लाकडाचा गारवा अनवाणी तळव्यांना लागला, आणि एकोणीस वर्षांचा कुणीतरी मुलगा त्याच्या छातीत धडपडत उभा राहिला... किती आठवण काढली होती त्याने या स्पर्शाची, आणि ती कुणाला सांगितलीही नव्हती! त्याने रॅकेट उचलली. मग समोर धाकट्याला हात झटकताना पाहिलं, आणि 'नको, तुझा खांदा' हे शब्द अगदी ओठांवर आले. त्याने ते तिथेच अडवले.

धाकट्याने ते बरोबर हेरलं. "विचार की, दादा. विचारायला कुठे कोण नाही म्हणतंय?"

"खांदा दुखतोय?"

"खूप."

"मग?"

"मग डाव्या हाताने खेळतो," धाकटा म्हणाला. "तुला तेवढं पुरे आहे. सर्व्हिस कर."