डाव्या दाराची झिलई

सोपानने तिला पहिल्यांदा पाहिलं ते मोटारीच्या दारात. दाराशी नव्हे, दारातच... काळ्याभोर रंगाच्या आत.

लोणावळ्याची थंडीतली सकाळ होती. धुकं नुकतंच वर सरकत होतं. माधवराव वकिलांच्या बंगल्यासमोर तो उकिडवा बसून मोटारीचं मागचं डावं दार घासत होता. आणि त्याच्या खांद्यावरून, रंगातल्या रंगात, हिरवं लुगडं नेसलेली एक मुलगी चालत आली. कडेवर लखलखीत पितळी चरवी. ती फाटकाजवळच्या जांभळीखाली थांबली. सोपानचा हात गोल गोल फिरत राहिला, पण मान काही वळेना.

"अवो मोटारवाले, मागं बघितलं तर मान मोडंल का?"

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"दूध आणलंय. कुटं द्यायचं?"

"मागल्या दारी," तो मोटारीला म्हणाला.

"मी हितं हाय. मोटारीत न्हाई बसले."

ती हसत निघून गेली. ती कुसगावच्या रखमाजींची लेक शालू. त्या दिवसापासून बंगल्यावरचा रतीब तिच्याकडे आला.

सोपान उर्से गावचा. मोटार धुवायला ठेवलेला, पण या कामात त्याचा जीव होता. आधी नुसतं पाणी सोडून धूळ वाहू द्यायची, मग मऊ चामड्यानं टिपायचं, मग डबीतलं पॉलिश. त्या पॉलिशात बारीक खरखरीत भुकटी असते. ती रंगाचा वरचा मळका पापुद्रा काढते, तेव्हा कुठे खालची झळाळी वर येते. मात्र हात हलका हवा, आणि कुठं थांबायचं ते कळायला हवं. शेवटी मेणाचा हात. पुण्याला मोटारींचं प्रदर्शन भरणार होतं. उत्तम राखलेल्या गाडीला चांदीचा प्याला मिळणार होता. "प्याला आला, की तुला ड्रायव्हर करतो," माधवराव म्हणाले होते. ड्रायव्हर झालो, की रखमाजींकडे मागणी घालायला कुणालातरी धाडायचं, एवढं सोपानने मनाशी धरलं होतं.

तो सगळी मोटार उजाडायच्या आत उरकायचा. ते एक दार मात्र राखून ठेवायचा. पुण्याच्या आगगाडीची शिटी झाली, की फडकं घेऊन तिथं बसायचा. मग ती यायची, जांभळीखाली चरवी या कडेवरून त्या कडेवर घ्यायची.

"माज्या चरवीत तोंड दिसतं. तुमच्या मोटारीत दिसतं का?"

"दिसतं की."

"कुणाचं?"

तो आणखी खाली वाकायचा. ती गेली, की त्याला स्वतःचीच लाज वाटायची. समोरून बघायची छाती नाही, आणि परक्याच्या पोरीकडे असं आडून बघत बसायचं! उद्यापासून नाही बसायचं, असं तो रोज ठरवायचा. दुसऱ्या दिवशी शिटी व्हायची.

प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी माधवराव कोवळ्या उन्हात मोटारीभोवती फिरले. खूश होते. मागच्या डाव्या दाराशी मात्र ते थांबले, वाकले.

"सोपान, हे काय?"

काळ्या रंगाच्या मधोमध तांबूस डाग उमटला होता. तळहाताएवढा.

माळी कोंडाजीभाऊंनी बोट फिरवून पाहिलं. "घासून घासून रंगाखालचं तांबडं अस्तर वर आलंय, साहेब."

"सगळी गाडी आरशासारखी, आणि इथंच असं? असं काय होतं या दारात?"

सोपान जमिनीकडे बघत राहिला. हे सांगायचं कसं, आणि कोणाला? तेवढ्यात फाटक वाजलं. शालू आली होती. सगळं ऐकत ती जांभळीखाली उभी राहिली. जमीन दुभंगावी, असं त्याला झालं.

"आता प्रदर्शन राहू दे," माधवराव म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तुझं ड्रायव्हरचंही... बघू पुढं." ते आत गेले. कोंडाजीभाऊही पाणी सोडायला गेले.

शालू हलली नाही.

"हितंच का घासलं वो एवढं?"

"हात चुकला."

"रोज?"

त्याने पॉलिशच्या डबीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"बसा तितं. रोज बसता तसं."

त्याचे पाय आपोआप वाकले. फडकं हातात घेऊन तो दारासमोर बसला.

"मी दिसते का?"

"दिसतीस."

"सगळी?"

"लुगडं दिसतंय... चरवी दिसतीय."

"आन् तोंड?"

हिरव्या लुगड्याच्या वर, जिथं रोज तिचा चेहरा यायचा, नेमका तिथं तो तांबूस डाग होता.

चरवीची कडी किणकिणली.

"माजं तोंडच पुसून टाकलं की तुमी," ती हळूच म्हणाली.

"पुसत नव्हतो..." तो दाराकडे बघतच म्हणाला. "बघत होतो. हात आपला चालू ऱ्हायचा."

मागून काहीच आवाज आला नाही. गेली असेल. जाणारच. लाजेनं त्याने डोळे मिटून घेतले.

"आता दारात मी दिसत न्हाई," शालूचा आवाज आला, अगदी जवळून. "मागं वळावंच लागंल."

तो वळला. तिला त्याने समोरून पाहिलं ते त्या दिवशी. हनुवटीवर गोंदण होतं. काळ्या रंगात ते कधी दिसलंच नव्हतं. एरवी तोंडाळ पोर, पण तिचीही नजर आता पायाच्या अंगठ्याकडे गेली, आणि पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं गेलं.

"आबा सांजला घरीच असत्यात," ती म्हणाली.

"मी अजून ड्रायव्हर कुटं झालोय? काय सांगू त्यास्नी?"

"आमच्यात मोटार न्हाई. म्हशी हायेत." ती चरवी सावरून मागल्या दाराकडे निघाली. चार पावलांवर थांबून, न वळता म्हणाली, "त्याबी काळ्याच हायेत. लय घासू नका, म्हंजे झालं."