दुबार पत्रांचा खोका

एप्रिलातल्या भर दुपारी धंतोलीतल्या त्या खोलीचं दार लोटून तो आत आला आणि सरळ कूलरपुढे जाऊन उभा राहिला. वाळ्याचा गार वास, घामानं भिजलेला शर्ट, हातात दोन सारखी पाकिटं…

"पक्ष्यांचं पत्रमंडळ हेच ना जी? मी मधुसूदन. खाप्याचा."

सुमतीनं वर पाहिलं. या माणसाचं अक्षर तिला वर्षभरापासून पाठ होतं. मंडळाचे अडतीस सभासद विदर्भभर विखुरलेले. त्यांनी दिसलेल्या पाखरांविषयी लिहायचं आणि सुमतीनं त्याचं पत्रक सायक्लोस्टाइल करून सगळ्यांना धाडायचं. कुणाला उत्तर द्यायचं तर तेही मंडळालाच, एकदाच. हा गडी मात्र प्रत्येक पत्राची एक नक्कल मंडळाला आणि एक सुमतीच्या नावानं पाठवायचा.

"एकच गोष्ट दोनदा काहून पाठवता? मंडळाचं टपाल मीच तं वाचते."

"ते तुमी अडतीस जणांसाठी वाचता. मले वाटलं, दुसरं एकटीनं वाचाल —"

सुमतीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "आजपासून दुबार पत्र न उघडता त्या खोक्यात जाईल. वर्षाअखेरी रद्दीत. तुमचंही."

"लय कडक मंडळ आहे जी," तो हसला. पण त्यानं ऐकलं.

मग तो दर महिन्याला येऊ लागला. पाकिटं चिकटवायला बसायचा, कन्हानच्या वाळूतल्या टिटवीच्या अंड्यांविषयी सांगायचा. एकदा डिंकाच्या वाटीत दोघांची बोटं एकमेकांना लागली आणि दोघांनीही ती काढून घ्यायला जरा उशीरच केला. सुमती प्रेमात पडली होती, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. बोलायचं कुणी, एवढंच उरलं होतं.

दिवाळीच्या टपालात त्याची पुन्हा दोन पाकिटं आली. मंडळाचे म्हातारे संस्थापक वामनराव शेजारीच उभे होते.

"सुमती, खाप्याचं पाखरू पुन्हा दोनदा बोलून राहिलं वाटते?"

ती लाजेनं अर्धमेली झाली. आपण कुणाची भीड ठेवत नाही हे दाखवायला तिनं ते दुसरं पाकीट तसंच खोक्यात टाकलं. आला की चिडवू त्याला, असं मनाशी म्हणाली.

तो आला नाही. पत्रंही थांबली. सुमती रोज टपाल चाळायची आणि रोज हिरमुसायची.

फाल्गुनात रद्दी काढताना तिनं ते पाकीट फोडलं. आत पक्ष्यांचं काहीच नव्हतं.

'सुमती, ही नक्कल नाही. तुम्ही माझ्याशी लग्न कराल का? उत्तर आलं नाही तर मी समजून जाईन. पुन्हा त्रास देणार नाही.'

ती रडली, रडता रडता हसली आणि तिथंच बसून तिनं चार ओळींचं उत्तर लिहिलं. पत्ता घालत होती, तोच दारात मधुसूदन उभा राहिला. तिनं कागद पटकन पत्रकाखाली सरकवला.

"लगन आहे जी माझं. पंधरा दिवसांनी," त्यानं पत्रिका पुढे केली. "घरच्यांनी जमवलं. पाटणसावंगीची आहे. साधी आहे, चांगली आहे."

सुमतीनं पत्रिका घेतली. तो जायला वळला, थांबला…

"एक विचारू? ते पत्र… तुमी वाचलं होतं ना?"

त्याच्या डोळ्यांत एवढी आशा होती की तिला त्याच्याकडे पाहवेना. नाही वाचलं म्हटलं असतं तर त्यानं आत्ताच ही पत्रिका फाडली असती. आणि पाटणसावंगीत एक मुलगी हळदीची वाट पाहत होती. पंधरा दिवसांवर आलेलं लग्न मोडलं की गाव मुलीलाच बोलतं.

"वाचलं होतं," सुमती म्हणाली. "आलं त्याच दिवशी."

"मंग उत्तर —"

"द्यायचं नव्हतं."

त्यानं मान डोलावली.

"बरं केलं जी, खरं सांगितलं," तो म्हणाला आणि खाप्याची बस गाठायला निघून गेला.