उलटायचं राहिलेलं पान

गुरुवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी एल्मिना आत्याबाईंनी चर्चमधलं जन्ममृत्यूच्या नोंदींचं ते जाड पुस्तक मिटलं आणि तिथूनच हे सुरू झालं. वेळ माझ्या पक्की लक्षात आहे. बाळाची तीनची दुधाची वेळ टळली होती आणि माझा अर्धा जीव भिंतीवरच्या घड्याळात होता.

आम्ही ओबरडॉर्फ. पेनसिल्व्हेनियाच्या या टेकड्यांत पिढ्यान्‌पिढ्या शेती करतोय. आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची, हार्वेची आत्या. चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात, म्हणून किल्ली त्यांच्याकडे. रविवारी माझ्या बाळाचा बाप्तिस्मा होता आणि पोराला अजून नाव नव्हतं. त्याला कारण मी.

आमच्याकडे जुनी चाल आहे. मूल गेलं की पुढच्याला तेच नाव देतात. नाव वाया जाऊ देत नाहीत. माझा पहिला, इर्विन, गेल्या हिवाळ्यात घटसर्पाने गेला. सगळे म्हणाले, यालाही इर्विनच म्हण. मी नाही म्हटलं. ज्या नावाने एकाला मातीत ठेवलं, त्याच नावाने दुसऱ्याला छातीशी कसं धरू?

"बरं बाई," आत्याबाई म्हणाल्या, "मग आपल्या मूळ पुरुषाचं नाव देऊ. त्याहून भक्कम कुठलं मिळणार?"

मूळ पुरुष जर्मनीहून जहाजातून आला, आईच्या मांडीवर, तान्हा असताना. एवढं आमच्या घरात सगळे सांगतात. पण नाव कुणाला ठाऊक नाही. फिलाडेल्फियाला जहाजं लागायची तिथल्या यादीत फक्त बाप्यांची नावं. बायका-पोरं लिहायची पद्धतच नव्हती. यादीत ओबरडॉर्फ एकच, त्या तान्ह्याचा बाप, आणि त्याच्यापुढे नुसती फुली. सही येत नसणार बिचाऱ्याला. आत्याबाईंनी कुठे कुठे पत्रं घातली, काही हाती लागलं नाही. शेवटी उरलं आपलंच चर्च.

माझी शाळा सातवीत सुटली, पण जुनी जर्मन अक्षरं आजोबांनी बायबलवरून शिकवलेली. गुरुवारी त्या पुस्तकातल्या ओळींवर बोट ठेवत मी खाली खाली आले. पानाच्या अगदी तळाशी ओबरडॉर्फ दिसलं. नवरा, बायको, आणि 'पहिला मुलगा, जहाजावर जन्मला, बापानेच पाणी शिंपडून नाव ठेवलं.' पुढे नाव. ते मी इथे लिहिणार नाही.

"सापडला," आत्याबाई हळूच म्हणाल्या. डोळे भरून आले त्यांचे. "हाच गं तो. जहाजावरचा."

"ओळ पुढच्या पानावर गेलीय, आत्याबाई."

"गेली असेल. पाद्री लोकांचं पाल्हाळ कधी एका पानात मावलंय? आधी त्याला पाज."

बाळाने भोकाड पसरलं होतं. त्यांनी पुस्तक मिटलं.

घरी आल्यावर हार्वेने पोराला वर उचललं आणि ते नाव मोठ्याने घेतलं. नव्या नावाची हाक ऐकून कुठलं तान्हं ओळख देणार? पण त्याचं रडणं झटकन थांबलं. त्याने हार्वेकडे पाहिलं नाही. मान वळवून तो जिन्याकडे बघत राहिला. त्या वयाचं मूल मान अशी वळवत नाही.

"बघ," हार्वे म्हणाला, "नाव आवडलं लेकाला."

जिन्यावर कुणी नव्हतं. वर फक्त इर्विनची खोली, आणि तिथला रिकामा पाळणा. त्या खोलीचं दार मी मिटून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाचा पापा घेतला तर ओठांना खारट लागलं. दुपटं हुंगलं. डांबरासारखा वास, आणि त्याच्याखाली काहीतरी शेवाळलेलं, ओलं. आमच्याकडे शेणाचा वास असतो, धुराचा असतो, सफरचंदांचा असतो. असा वास मी जन्मात घेतला नव्हता. समुद्र मी पाहिलेलाही नाही.

"घाम असेल," हार्वे म्हणाला. "नाहीतर तूच डुक्कर खारवलेल्या हातांनी घेतलं असशील त्याला."

"मी हात धुतले होते."

"तू तर दिवसभर धूतच असतेस."

तो हसला. मी गप्प बसले. इर्विनच्या वेळीही मी आधी गप्पच बसले होते.

त्या दिवशी आत्याबाई अंगणात तांब्याच्या मोठ्या कढईत सफरचंदाचा मुरंबा ढवळत होत्या. रविवारी सगळी भावकी जेवायला यायची होती. मधूनच त्या खिडकीकडे तोंड करून बाळाला लाडाने हाक मारायच्या. ते नाव घेतलं की वर मिटलेल्या दाराआड पाळणा करकरायचा. एकदाच... कुणी कुशीवर वळावं तसा. पहिल्यांदा वाटलं वारा असेल. दुसऱ्यांदा मी वर जायला निघाले आणि अर्ध्या जिन्यात थांबले. पायऱ्या ओल्या होत्या. प्रत्येक पायरीच्या मधोमध तळहाताएवढा ओलावा, वरून खाली येत गेलेला.

शनिवारी बाळ रडेनासं झालं. दूध ओढत नव्हतं. अंग गार, आणि डोळे सारखे जिन्याकडे. डॉक्टर आले, छाती ऐकली. म्हणाले, ताप नाही, घसा साफ आहे, आईनेच जरा झोप घ्यावी. सगळे तेच म्हणत होते. मी बाळाला शालीत गुंडाळलं आणि आत्याबाईंपुढे जाऊन उभी राहिले.

"किल्ली द्या. मला पुढचं पान बघायचंय."

"आत्ता? माझे हात बघ, मुरंब्याने..."

"मग तशाच चला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ढवळायचा दांडा शेजारणीच्या हातात दिला.

चर्चमध्ये दुपारचं पिवळं ऊन बाकांवर पडलं होतं. आत्याबाईंनी पान उलटलं. मी ओळीचा उरलेला भाग वाचला. '...आणि सातव्या आठवड्यात समुद्राला दिला.'

माझं बाळ रविवारी सातव्या आठवड्यात लागणार होतं.

"पुढे वाच," आत्याबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

पुढे दुसरा मुलगा, इथे जन्मलेला. तेच नाव. शेजारी मृत्यूची फुली. मग तिसरा. तेच नाव, फुली. चौथा. तेच नाव, फुली. तिघेही सात आठवड्यांच्या आतले. त्यांच्याखाली पाचवा मुलगा, योस्ट. त्याच्यापुढे फुली नव्हती. त्याचं लग्न, त्याची मुलं, सगळं खाली लिहिलेलं. आम्ही सगळे त्या योस्टचे. आईच्या मांडीवर आलेला आमचा कुणी नव्हताच. तो इथपर्यंत पोचलाच नव्हता.

"जहाजावरचा सापडला की तोच आपला मूळ पुरुष, असं धरून चालले मी," आत्याबाई पुटपुटल्या. "आपली चाल आपल्यालाच ठाऊक असून... त्या बाईने पाचव्याला नाव बदललं गं."

"तिला कळलं असेल."

"काय?"

"की हाक मारली की तो येतो."

आत्याबाईंनी मला गप्प केलं नाही. माझ्या मांडीवरच्या बाळाच्या कपाळाला बोट लावलं आणि ते जिभेला लावलं.

रविवारी चर्च भरलं होतं. आमच्यात बाळाचं नाव आई सांगत नाही, धर्ममाता सांगते. धर्ममाता म्हणजे आत्याबाई, आणि त्यांनी गुरुवारपासून गावभर ते नाव सांगून ठेवलं होतं. पाद्रीबुवांनी विचारलं, "बाळाचं नाव काय?" सगळी भावकी मान उंचावून ऐकत होती. आत्याबाईंनी बाळाचं टोपडं मागे सारलं. माझ्या पाठीमागे, मधल्या वाटेवरून, ओल्या पावलांचा चपक चपक आवाज जवळ येत होता. कुणीच वळून पाहिलं नाही.

"योस्ट," आत्याबाई म्हणाल्या.

भावकीत कुजबूज झाली. हार्वे माझ्याकडे बघतच राहिला. पाद्रीबुवांनी पाणी शिंपडलं आणि माझं बाळ रडलं, टाहो फोडून रडलं. पावलं थांबली होती. नंतर पाद्रीबुवांनी बोटं पुसता पुसता एकदा ओठांना लावली आणि हळूच विचारलं, "या पाण्यात मीठ कुणी टाकलं?"

योस्ट आता सव्वा वर्षाचा आहे. गुटगुटीत आहे, खोडकर आहे, भिंती धरून चालतो. ते नाव आमच्या घरात त्या शनिवारनंतर कुणी उच्चारलेलं नाही. आत्याबाईंनी स्वतःच्या तोंडाला कुलूप घातलंय, आणि ते सोपं नव्हतं.

पण परवा संध्याकाळी मी भांडी घासत होते. योस्ट जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. अजून तो 'आई' म्हणत नाही, 'बाबा' म्हणत नाही. त्याने वर बघून एक शब्द म्हटला. पहिलाच. स्वच्छ. तेच नाव.

मग तो पायरीवर थोडा बाजूला सरकला, शेजारी कुणाला जागा करून द्यावी तसा.

म्हणून हे लिहिते आहे. ओबरडॉर्फांची माणसं आता ओहायोत आहेत, कॅन्ससमध्ये आहेत, आणखी कुठे कुठे असतील. त्यांच्यातही कुणी मूळ पुरुष शोधत असेल, कुणाच्या घरी तान्हं बिननावाचं असेल. तुम्हाला त्या आडनावाचं कुणी भेटलं तर एवढा निरोप द्या. पहिलं नाव सापडलं तिथे थांबू नका, पान उलटा. आणि तोवर ते नाव मोठ्याने वाचू नका.